चूक कंपनीची, पुरावा कुणी द्यायचा?

नवी आणलेली वस्तू बिघडली आणि ती दुकानात परत नेली, की पहिला प्रश्न कोणता कानावर येतो ते आठवून पाहा. "तुम्ही काय केलंत हिला?" मोटार जळाली, तर तुमच्याकडचे व्होल्टेज कमी. बियाणे उगवले नाही, तर पेरणी तुम्ही खोल केली. फवारणीचा पंप गळू लागला, तर वायसर तुम्ही उलटा बसवला. मुळात वस्तूच सदोष असेल, ही गोष्ट सर्वांत शेवटी निघते; तीही तुम्ही नेटाने भांडलात तर.

आता ह्या वस्तूंत संगणकाची भर पडली आहे. सातबारा संगणकातून निघतो, दूध केंद्रावर लिटर आणि फॅट संगणकावर उतरते, आणि मुलगी कॉलेजला गेली की घरात लॅपटॉप येतो. त्यासाठी कुणी कांद्याचे पैसे मोडतो, कुणी सोसायटीचा हप्ता महिनाभर पुढे ढकलतो. मोटारीचे झाकण निदान उघडून पाहता येते, गावातला वायरमन कॉइल जळाली की नाही ते वासावरून सांगतो. ह्या डब्यात मात्र डोकावून तुम्हा-आम्हाला काही कळत नाही. म्हणून समोरचा म्हणेल ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तरी पण ऐकून न घेणाऱ्या एका माणसाची हकीकत तुम्हांला सांगायची आहे. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, आणि घडली १९९४ साली. एका बाजूला त्या वेळची जगातली सर्वांत मोठी चिप बनवणारी कंपनी, आणि दुसऱ्या बाजूला गणिताचे एक मास्तर.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग नावाचे शहर आहे. तिथल्या कॉलेजात डॉ. थॉमस नाइसली गणित शिकवत. त्यांना नाद होता मूळ संख्यांचा. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे तुमची सहावीतली मुलेही सांगतील. अशा संख्या कधी कधी जुळ्या येतात, म्हणजे दोनच्याच अंतराने: ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१. नाइसली अशा जुळ्या शोधत खूप लांबवर, अब्जांच्या पुढे जात, प्रत्येक संख्येने १ ला भागत आणि आलेले सगळे भागाकार एकमेकांत मिळवत. कुणी विचारील, ह्याचा उपयोग काय? पोटापाण्याला काही नाही. पण माणूस चोख होता. हिशेब एका यंत्रावर करून तो थांबत नसे, ताळा पाहत असे. आणि पुढचे सगळे रामायण त्या ताळ्यातूनच घडले.

मार्च १९९४ मध्ये त्यांनी आपल्या संगणकांच्या ताफ्यात एक नवा संगणक घेतला. त्यात इन्टेल कंपनीची पेन्टियम ही चिप होती. वर्षभरापूर्वी, १९९३ च्या मार्चमध्ये ती बाजारात आली होती. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ३१ लाख ट्रान्झिस्टर, आणि आधीच्या ४८६ नंबरच्या चिपपेक्षा कितीतरी वेगवान. ह्या चिपच्या कामाची धुरा वाहणाऱ्यांत विनोद धाम हे भारतीय इंजिनिअर अग्रभागी होते. ते जन्माने पुण्याचे. लोक त्यांना पेन्टियमचे जनक म्हणतात.

१३ जून १९९४ ला नाइसलींचा ताळा जुळेना. नव्या यंत्राचे उत्तर एक, जुन्याचे दुसरे.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करतो? यंत्राला दोष देतो. नाइसलींनी आधी स्वतःला दोष दिला. आपला प्रोग्रॅम चुकला असेल म्हणून तो तपासला. प्रोग्रॅमचे भाषांतर करणारे साधन बदलून पाहिले. संगणकातली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, तिच्यावर संशय घेतला. एकेक शक्यता अशी बाद करत करत चार महिने गेले. १९ ऑक्टोबरला त्यांची खात्री पटली, की दोष चिपच्या पोटात आहे. ८२४६३३७०२४४१ ह्या संख्येने १ ला भागले, की पेन्टियम आठव्या आकड्यानंतर चुकत होती. २४ ऑक्टोबरला त्यांनी कंपनीला कळवले. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा ३० तारखेला आपल्या ओळखीच्या काही जाणकारांना त्यांनी पत्र लिहिले: तुमच्याकडच्या यंत्रावर हा भागाकार करून पाहता का?

सगळ्यांकडे चुकला.

चूक होती कशी, तेही ऐका, कारण ती समजायला सोपी आहे. मोठा भागाकार करताना आपण काय करतो? भाजकाचा पाढा मनात आणतो, पुढचा अंक कोणता बसेल त्याचा अदमास घेतो, वजाबाकी करतो आणि पुढे सरकतो. पेन्टियमही तेच करी. फक्त पाढे तोंडपाठ असण्याऐवजी तिच्या पोटात एक तक्ता कोरलेला होता. कोणत्या टप्प्यावर कोणता अंक घ्यायचा हे त्या तक्त्यातल्या १०६६ घरांत लिहिलेले असायला हवे होते. तक्ता साच्यात उतरवताना त्यांतली पाच घरे कोरी राहिली. भागाकार करता करता चिप नेमकी त्या घरावर आली, की दोनच्या जागी शून्य घेई. पाढा म्हणताना एखादे पोर मधलेच एक घर गाळून पुढे म्हणत जाते ना, तसेच. बाकी सारे खणखणीत पाठ, पण तेवढे घर रिकामे. आणि म्हणूनच चूक रोज दिसत नव्हती.

दिसली की मात्र चांगलीच दिसे. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. उत्तर १.३३३८२०४ च्या आसपास यायला हवे. पेन्टियम सांगे १.३३३७३९०. आता ह्या चुकीच्या उत्तराला पुन्हा ३१,४५,७२७ ने गुणा, येतील ४१,९५,५७९. दोनशे छप्पन कमी! रुपये असते तर कुठे गेले म्हणून पंचाची बैठक बसली असती.

पण ह्या गोष्टीचे मर्म चुकीत नाही. साच्यात चूक कुणाकडूनही होते. मर्म आहे ते कंपनी नंतर कशी वागली त्यात.

पहिली गोष्ट ही, की कंपनीला हा दोष आधीच ठाऊक होता. १९९४ च्या उन्हाळ्यात तिच्याच माणसांना तो सापडला होता. पुढच्या चिप्समध्ये तो दुरुस्त करायचे ठरले होते. मात्र विकल्या गेलेल्या चिप्सबद्दल गिऱ्हाइकाला काही सांगायचे, असे कुणाच्या मनात आले नाही. नोव्हेंबरात बातमी फुटली; आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका व्यापारी पत्रात, मग टेलिव्हिजनवर, मग न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रात. तेव्हा कंपनीने हिशेब मांडला. नऊशे कोटी भागाकारांत एकदा चूक होते. साध्या हिशेबनिसाला ती भेटायची झाली, तर सत्तावीस हजार वर्षांत एकदा भेटेल. मग बदलून कशाला द्यायची? ज्यांचे काम फार किचकट गणिताचे आहे, त्यांनी फोन करावा, आपण काय काम करतो ते सांगावे. पटले तर बदलून देऊ.

वाचकहो, इथे थोडे थांबा. ह्यातला सत्तावीस हजारांचा आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. माणूस दिवसाला हजारभर भागाकार करतो असे धरले, तर तो येतो. पण त्याच वर्षी १२ डिसेंबरला आयबीएम ह्या संगणक कंपनीने पेन्टियम बसवलेल्या आपल्या संगणकांची रवानगी थांबवली आणि स्वतःचा हिशेब जाहीर केला. त्यांनी धरले दिवसाला बेचाळीस लाख भागाकार, आणि चुकीची शक्यताही बरीच जास्त. त्यांचे उत्तर आले: चोवीस दिवसांत एक चूक. कुठे सत्तावीस हजार वर्षे आणि कुठे चोवीस दिवस! आयबीएमही धुतल्या तांदळासारखी नव्हती म्हणा. पेन्टियमशी टक्कर देणारी दुसरी चिप काढण्यात तिचाही हात होता. दोन्ही हिशेब करणारे आपापल्या सोयीने आकडे धरत होते, आणि गिऱ्हाईक मधल्या मध्ये.

गिऱ्हाइकाचे म्हणणे काय होते? ते ह्या आकड्यांच्या बाहेरचे होते, आणि तुम्हांला ते चटकन पटेल. समजा, दूध केंद्रावरचा काटा लाखात एकदा चुकतो. केंद्रचालक म्हणाला, "लाखात एकदाच चुकतो, तुमच्या आयुष्यात काही चुकायचा नाही. तुमच्या कॅनला चुकला हे दाखवा, मग बघू." आपण ऐकून घेऊ का? आपण म्हणू, बाबा, चुकतो हे तुला ठाऊक आहे ना? मग तो काटा बदल. कोणत्या सकाळी, कुणाच्या कॅनला चुकला, हे आम्ही कसे ओळखायचे? काट्यावर विश्वास ठेवायचा म्हणून तर काटा आणला. अमेरिकेतले लोक नेमके हेच म्हणत होते. पैसे मोजले ते बरोबर भागाकार करणाऱ्या यंत्राचे, आणि वर पुन्हा बरोबर यंत्र मिळण्यास मी पात्र आहे की नाही, ह्याची परीक्षा कंपनी घेणार!

त्यात आणखी एक पेच होता. इन्टेल चिप थेट लोकांना विकतच नसे. ती विके संगणक जोडणाऱ्या कंपन्यांना; लोकांना विकत त्या कंपन्या. गिऱ्हाइकाशी बोलायची सवयच तिला नव्हती. पण १९९१ पासून तिने जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतून प्रत्येक संगणकावर एक चकती चिकटवायला लावली होती, की आत इन्टेल आहे. नाव घरोघर पोचवले, तेव्हा तक्रारही घरोघरून त्याच नावाला येणार. कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह मूळचे हंगेरीतले. हातात काही नसताना अमेरिकेत आलेले, इंजिनिअर माणूस. दोष किती मोठा, किती लहान, हे इंजिनिअरच्या मापाने मोजत ते बसले. घरातल्या बाईला तो आकडा नको असतो, तिला शब्द हवा असतो, हे त्यांना उशिरा उमगले. तसे पुढे १९९६ साली आपल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणाने लिहिलेही.

टिंगल सुरू झाली. ४८६ नंतरच्या चिपला ५८६ नाव का नाही दिले? तर म्हणे, पेन्टियमवर ४८६ मध्ये १०० मिळवून पाहिले, उत्तर ५८५.९९९ असे काहीतरी आले. शेअरचा भाव घसरला. टेलिफोनवर बसवायला माणसे पुरेनात, तेव्हा भलत्याच खात्यातली माणसे आणून बसवली. शेवटी २० डिसेंबर १९९४ ला कंपनीने माघार घेतली. ज्याच्याकडे ही चिप असेल त्याने मागावी, काही विचारणार नाही, काही पुरावा नको, संगणक जिवंत असेपर्यंत केव्हाही बदलून मिळेल. वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन तिने चुकीची कबुली दिली. जानेवारी १९९५ मध्ये ह्या सगळ्याचा खर्च म्हणून ४७ कोटी ५० लाख डॉलर वेगळे काढले. त्या वेळच्या भावाने सुमारे दीड हजार कोटी रुपये.

आणि गंमत अशी, की घरी संगणक वापरणाऱ्यांपैकी फार थोड्या लोकांनी चिप बदलून घेतली. बहुतेकांना बदलायची नव्हतीच. मागितली तर मिळेल, एवढे त्यांना ऐकायचे होते. सुरुवातीलाच तेवढे म्हटले असते, तर किती स्वस्तात पडले असते! सदोष चिप्सपैकी काहींच्या कंपनीने नंतर किल्ल्या अडकवायच्या साखळ्या करून आपल्याच माणसांना वाटल्या, विसर पडू नये म्हणून. चिपमध्ये सापडलेल्या दोषांची यादी तेव्हापासून ती उघडपणे छापू लागली, हा त्यातला खरा फायदा.

विसर पडला नाही, हे एकदा दिसलेही. जानेवारी २०११ मध्ये इन्टेलने एक नवी जोडचिप बाजारात आणली. संगणकाची मुख्य चिप आणि माहिती साठवणारी डिस्क ह्यांच्यामध्ये बसणारी. तीनच आठवड्यांत तिच्या ध्यानात आले, की डिस्क जोडण्याच्या काही जागा वापराने हळूहळू कमजोर होतील. गिऱ्हाइकांची ओरड सुरू झालेली नव्हती. तरी ३१ जानेवारीला कंपनीने स्वतः होऊन सांगितले, पाठवणी थांबवली आणि दुरुस्ती व बदलीसाठी ७० कोटी डॉलर लागतील असा अंदाज दिला. चार-सहा दिवस बातमी चालली आणि विरली. त्या प्रकरणाचे नावही आज कुणाला आठवत नाही.

दुसऱ्यांनी ह्यावरून काय घेतले? मायक्रोसॉफ्टने २००५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० नावाचे खेळाचे यंत्र काढले. तेही एक प्रकारचा संगणकच. ते तापे, आतले डाखाचे जोड तडकत आणि पुढच्या गोल बटणाभोवती तीन लाल दिवे लागून यंत्र मरे. दोन वर्षे लोक पदरचे पैसे घालून दुरुस्त्या करत होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने ह्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांची केली आणि ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना ते परत दिले. खर्च शंभर कोटी डॉलरांच्या वर गेला. उशिरा का होईना, पण भरलेले पैसे परत देणे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नाही तर आधी ओरडला तो फसला, आणि गप्प बसला त्याला फुकट, असे व्हायचे.

ॲपल कंपनीची गोष्ट तर आपल्या खळ्यावरच्या माणसाला हसू आणणारी. २०१५ पासून तिने लॅपटॉप पातळ करण्याच्या हौसेपायी कळा इतक्या चपट्या केल्या, की खाली धुळीचा एक कण गेला तरी कळ अडके, नाही तर एकदा दाबली की अक्षर दोनदा उमटे. कंपनीचा सल्ला काय होता? लॅपटॉप पंचाहत्तर अंशांत तिरपा धरा आणि दाबाच्या हवेने फुंकर मारा. म्हणजे दोष कुणाचा, धुळीचा! जून २०१८ मध्ये खरेदीपासून चार वर्षांपर्यंत फुकट दुरुस्तीची योजना निघाली, पण बदलून बसवायचे ते पुष्कळदा त्याच जातीचे कळफलक. ती जात कंपनीने २०२० पर्यंत पुरती बंद केली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी मिळून केलेला दावा २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरांवर मिटला.

आणि इन्टेल? तीस वर्षांनी त्याच वाटेला पुन्हा गेली, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. तिच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या, टेबलावरच्या संगणकांत बसणाऱ्या वेगवान चिप्स काही महिन्यांच्या वापरानंतर मध्येच बंद पडू लागल्या. लोक तक्रार करत, तर आधी बोट दाखवले गेले मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे, की त्यांनी वीज जास्त सोडली. २२ जुलै २०२४ ला कंपनीने मान्य केले, की चिपच्या आतली सूचनाच चुकीची असून चिप स्वतःच जास्त व्होल्टेज मागून घेते. सुधारित सूचना ऑगस्टमध्ये आली. पण जास्त विजेने जी चिप आतून झिजली, ती सूचनेने बरी होत नाही. जळालेल्या मोटारीला नंतर स्टॅबिलायझर लावण्यासारखे ते. म्हणून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. शिवाय काही आरंभीच्या चिप्समध्ये आतल्या जोडणीला गंज धरण्याचा वेगळाच दोष होता, आणि तो कारखान्यात २०२३ मध्येच दुरुस्त केला होता, हेही त्याच वेळी बाहेर आले. गिऱ्हाइकाला वर्षभर कुणी सांगितले नव्हते. ते चिपचे किल्लीचे जोड बहुधा हरवले असावेत.

आता आपल्या अंगणात येऊ.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. घेऊन आठ महिने झालेले. पोरगी जपून वापरणारी. उघडताना कट् असा आवाज झाला आणि पडदा एका बाजूने सुटा झाला. जिल्ह्याच्या गावी कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेला. कंपनीचे नाव इथे घेत नाही. खिडकीतल्या मुलाने पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "काका, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. साडेसात हजार होतील."

पुतणी म्हणाली, "मी पाडला नाही हो. कुठं चरा तरी आहे का बघा."

"मग तुटला कसा?"

तोच प्रश्न! मी म्हटले, "बाळा, तू म्हणतोस ते लेखी दे. बिजागरी कशाने तुटली, बाहेरून मार लागल्याची खूण कुठे आहे, एवढे कागदावर लिही आणि शिक्का मार." तो आत गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा 'बिजागरी तुटलेली, बाहेरून मार नाही' असा शेरा असलेला जॉबशीटचा कागद त्याच्या हातात होता. त्या एका ओळीवर पुढचे सगळे झाले. तो कागद आणि बिल जोडून आम्ही कंपनीला तक्रार पाठवली, आठ दिवसांत उत्तर नाही म्हणून १९१५ वर फोन केला, आणि आणखी बारा दिवसांनी केंद्रातून बोलावणे आले. पडद्यामागचे अख्खे झाकण फुकट बदलून मिळाले. तीन हेलपाटे झाले, एस.टी.चे भाडे गेले, पोरीचा प्रकल्प मैत्रिणीच्या घरी बसून पुरा झाला. ते कुणी भरून दिले नाही.

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी १९८६ च्या कायद्यात कंपनीचे ठाणे किंवा व्यवहार जिथे झाला ते ठिकाण पाहावे लागे. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला, आणि आता तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे, हे मात्र ध्यानात असू द्या. एकाच मॉडेलचा एकच बिघाड अनेकांना आला असेल, तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र तक्रारही करता येते. स्वतःचे पोट भरण्यासाठी सेवा केंद्र चालवणाऱ्याने घेतलेला संगणक 'धंद्यासाठी' म्हणून बाद होत नाही. सदोष वस्तूमुळे इजा झाली, घराला आग लागली, तर बनवणाऱ्याची जबाबदारी काय, ह्याचे वेगळे प्रकरणच नव्या कायद्यात आहे.

पुरावा कुणी द्यायचा, ह्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत शेतकऱ्यांच्या एका प्रकरणात जे म्हटले, ते इथे सांगण्याजोगे आहे. आंध्रातल्या शेतकऱ्यांना राष्ट्रीय बीज महामंडळाचे सदोष बियाणे मिळाले होते. महामंडळ म्हणाले, नमुना प्रयोगशाळेत तपासून आणायला हवा होता. न्यायालयाने विचारले ते साधेच: पेरायला आणलेले बियाणे शेतकरी पुढे तपासणीला लागेल म्हणून बाजूला ठेवील, अशी अपेक्षा कशी करता? शेतकऱ्यांची भरपाई कायम झाली. संगणकाला ते जसेच्या तसे लागू होत नाही, कारण संगणक जमिनीत पेरला जात नाही, तो तपासणीला पाठवता येतो. पण अडून बसलेल्या खिडकीशी बोलताना ते आठवले, तर आवाज आपोआप ठाम होतो.

काही बारीकसारीक गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी त्यातले सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. केंद्रात तो पुष्कळदा कोरा करूनच परत देतात. खालच्या बाजूला चिकटवलेला सिरियल नंबर फोटो काढून ठेवावा, कारण हातांच्या घामाने तो पुसतो. कंपनीने एखाद्या दोषासाठी फुकट दुरुस्तीची योजना काढली असेल, तर ती त्याच नंबरावरून कळते, आणि दुकानदार आपण होऊन ती सांगेल ह्या भरवशावर राहू नये. बॅटरी फुगून खालचे झाकण उचलल्यासारखे दिसले, तर वाट पाहू नका, चार्जिंग बंद करा आणि दाखवा. बॅटरीतून धूर आणि आग लागण्याच्या भीतीने २००६ साली डेल कंपनीने ४१ लाख लॅपटॉपच्या बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. तिथे चोवीस दिवस की सत्तावीस हजार वर्षे, असा हिशेब करत कुणी बसले नाही.

पुतणीच्या लॅपटॉपचे बिल आता सातबाऱ्याच्या पिशवीत आहे. तिने त्याची झेरॉक्सही काढून ठेवली आहे. दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे वर्षभरात फिकी पडतात, आणि हमीच्या शेवटच्या महिन्यात पाहावे तर हातात कोरा कागद.